अर्ध्या आट्याचा निवाडा

सिग्नलला गाडी उभी राहते. इंजिन दोनदा धडधडते आणि बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात जाते. मिस्त्री बॉनेट उघडतो, कार्ब्युरेटरच्या अंगाला असलेल्या एका छोट्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावतो आणि अर्धा आटा आवळतो. आवाज चढतो, धडधड थांबते. मिनिटभराचे काम. मालक समाधानाने निघतो, कारण गाडी आता सिग्नलला बंद पडत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की दुखणे बरे झाले की नुसते कण्हणे थांबले?

कार्ब्युरेटरची मोटार आता रस्त्यावर क्वचित दिसते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत पोचली. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. मारुती ८०० ने २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर सोडून इंधन फवारणारी यंत्रणा घेतली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष आले, तेव्हा नव्या दुचाक्यांवरूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तरीही खासगी पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, पहिल्या पिढीतल्या मारुती आणि पेट्रोलवरच्या जीपगाड्या अनेक घरांत जपून ठेवलेल्या आहेत. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरप्लेटही दिली. या गाड्या आज नव्या मिश्रणाच्या पेट्रोलवर चालतात आणि त्यांना हात लावणारे अनेक तरुण मेकॅनिक असे आहेत, ज्यांनी कार्ब्युरेटर शिकताना पाहिलेलाच नाही. अशा वेळी आयडल कसे लावावे, कोणी लावावे आणि केव्हा मुळीच लावू नये, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

आधी त्या स्क्रूचे काम समजून घेऊ. रेसवर पाय असतो तेव्हा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि मेन जेटमधून पेट्रोल ओढले जाते. पाय काढला की थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते. गळ्यातली हवा मंदावते आणि मेन जेट गप्प होतो. इंजिन मात्र चालू राहायला हवे. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक वेगळी, बारीक वाट ठेवलेली असते. स्लो जेटमधून आलेले पेट्रोल थोड्या हवेत मिसळते आणि चकतीच्या खालच्या बाजूला, जिथे इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते, तिथल्या एका भोकातून आत जाते. त्या भोकाच्या तोंडाशी मिक्स्चर स्क्रू असतो. चकती किती मिटावी हे दुसरा स्क्रू ठरवतो, आणि त्यालाच आपण आयडलचा स्क्रू म्हणतो. पहिला स्क्रू घासाचा कस ठरवतो, दुसरा घासाचा आकार. मिस्त्रीने जो अर्धा आटा आवळला तो या दुसऱ्या स्क्रूचा.

आता मिस्त्रीची बाजू पाहू. ती वाटते तितकी दुबळी नाही.

जुन्या गाडीत मंद आयडलचे तोटे खरे आहेत. डायनॅमोच्या काळातल्या गाड्या मंद फेऱ्यांवर बॅटरी भरतच नाहीत. पावसाळ्यात वायपर, दिवे आणि हॉर्न चालू ठेवून तासभर वाहतुकीत अडकले की बॅटरी बसते. पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतात. मेच्या उन्हात सिग्नलला उभ्या गाडीचा पंखा मंद फिरला की रेडिएटर उकळू लागतो. इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपातले पेट्रोल उष्णतेने वाफाळते, तेव्हाही थोडे जास्त फेरे गाडीला तारतात. झिजलेल्या बेअरिंगच्या गरम इंजिनात आयडल खाली आले की ऑइलचा दिवा लुकलुकतो. एसीचा कंप्रेसर लागला की इंजिनावर ओझे पडते. कार्ब्युरेटरच्या काही गाड्यांना त्यासाठी फेरे उचलून धरणारी वेगळी जोडणी असते, पण ती नादुरुस्त असेल तर स्क्रूशिवाय उपाय राहत नाही.

त्यात माणसाचाही विचार आहे. चढावर सिग्नल लागला, एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर, आणि इंजिन बंद पडले, तर नवख्या चालकाची त्रेधा उडते. म्हातारे वडील किंवा नुकते शिकलेले मूल ती गाडी चालवत असेल, तर शंभर फेरे जास्त असणे ही सुरक्षिततेची बाब ठरते. मिस्त्रीलाही पोट आहे. टॅपेट मोजणे, पॉइंट साफ करणे, हवेची गळती शोधणे याला दोन तास लागतात. त्या दोन तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, कारण त्याच्या डोळ्यांना पार्ट बदललेला दिसत नाही. निदानाची किंमत कोणी देत नसेल, तर निदान करणार कोण? ज्या बाजारात फक्त आवाज चढल्याचेच समाधान विकत घेतले जाते, तिथे एकट्या मिस्त्रीला दोष देणे अन्याय होईल.

आता दुसरी बाजू. तिचे म्हणणे असे, की आयडलचा स्क्रू जास्त आवळणे म्हणजे कार्ब्युरेटरची सगळी रचनाच जागेवरून हलवणे.

चकतीच्या कडेला, मिटलेल्या अवस्थेत जेमतेम झाकली जातील अशा जागी, आणखी एक-दोन बारीक भोके असतात. पाय रेसवर हलकेच पडतो तेव्हा मेन जेट जागा होईपर्यंत मधल्या क्षणाला पेट्रोल पुरवणे हे त्यांचे काम. आयडलचा स्क्रू जास्त आवळला की चकती आधीच उघडी राहते आणि ही भोके उभ्या गाडीतच पेट्रोल देऊ लागतात. मग मिक्स्चर स्क्रू फिरवला तरी आवाजात फरक पडत नाही, कारण पेट्रोल दुसऱ्याच दाराने येत असते. राखीव साठा उभ्या उभ्या संपल्यामुळे रेस देताच गाडी क्षणभर गचके खाते. मालक म्हणतो, पिकअप गेला. मिस्त्री म्हणतो, पंप बघावा लागेल. स्क्रूचे नाव कोणी घेत नाही.

पुढची साखळीही अशीच आहे. अनेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटरला, ज्याला आपले मेकॅनिक डेल्को म्हणतात, जाणारी बारीक नळी चकतीच्या कडेजवळून निघते. चकती मिटलेली असताना त्या नळीला ओढ लागू नये असा हिशोब असतो. चकती उघडी राहिली की ठिणगी आपोआप आधी पडू लागते, फेरे आणखी वाढतात, आणि थोडा भार येताच ते एकदम कोसळतात. गाडी कधी वर, कधी खाली असा श्वास घेऊ लागते. किल्ली बंद केल्यावरही इंजिन चार-पाच धक्के देत राहते, कारण उघड्या चकतीतून पेट्रोल-हवा आत जातच राहते आणि तापलेला कण ठिणगीचे काम करतो. गिअर टाकताना दात कुरकुरतात. उतारावर इंजिन गाडी रोखण्याऐवजी ढकलते आणि तो भार ब्रेकवर येतो. पेट्रोल जास्त जळते ते वेगळेच.

एवढे सगळे होण्यापेक्षा सिग्नलला बंद पडणारी गाडी कमी त्रासाची म्हणायची. कारण ती निदान प्रामाणिकपणे सांगत तरी असते, की काहीतरी बिघडले आहे.

काय बिघडलेले असू शकते? पॉइंटची फट कमी-जास्त झाली असेल. प्लगवर काजळी असेल. एखादा टॅपेट घट्ट बसून वाल्व पुरता मिटत नसेल. कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग सुकून तिथून हवा आत जात असेल. चकतीचा दांडा वर्षानुवर्षे फिरून भोक मोठे झाले असेल. स्लो जेटमध्ये कचऱ्याचा कण अडकला असेल. फ्लोटची पातळी चुकली असेल. पावसाळ्यात डेल्कोच्या टोपीत ओल धरली असेल. जुलैत बंद पडणाऱ्या कितीतरी गाड्यांचा रोग कोरड्या फडक्याने पुसून जातो. यांपैकी एकही बिघाड आयडलच्या स्क्रूने बरा होत नाही. प्रत्येक बिघाड त्या स्क्रूने झाकता मात्र येतो.

दोन्ही बाजू ऐकल्यावर आमचे मत असे झाले आहे, की भांडण आयडल वाढवावे की वाढवू नये याचे नाही, क्रमाचे आहे. आयडलचा स्क्रू हा शेवटचा स्क्रू आहे. ठिणगी, वाल्व, हवा आणि पेट्रोल या चौघांची साक्ष झाल्यावर त्याने निकाल द्यायचा. साक्षीपुराव्याआधी निकाल दिला की तो कितीही गोड वाटला तरी टिकत नाही. आणि साक्ष पुरी झाल्यावर, गाडीच्या वयाला आणि वापराला पाहून, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पन्नास-शंभर फेरे वर ठेवावेसे वाटले, तर त्यात काहीच गैर नाही. डायनॅमोची गाडी मुंबईच्या गर्दीत चालवणाऱ्याने तसे करावेच. ती तडजोड डोळस असते.

क्रम पाळला तर प्रत्यक्ष लावणे फार अवघड नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिन पुरते गरम करायचे. चोक पूर्ण आत गेला आहे ना ते पाहायचे, कारण अर्धवट ओढलेला चोक अख्खे गणित चुकवतो. एअर फिल्टर जागेवर ठेवायचा. तो काढून लावलेले मिश्रण तो बसवल्यावर बदलते. दिवे, पंखा, एसी बंद. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. गाडी मोकळ्या हवेत उभी करायची. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद गॅरेजात तो माणसाचा जीव घेतो. मग आयडलच्या स्क्रूने फेरे पुस्तकातल्या आकड्याजवळ आणायचे. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांना तो मिनिटाला ७०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आता मिक्स्चर स्क्रू. तो हळूहळू आत घेत इंजिन अडखळेपर्यंत जायचे, मग बाहेर घेत आवाज जड होईपर्यंत यायचे, आणि या दोन टोकांमध्ये जिथे इंजिन सर्वांत वेगाने आणि सर्वांत सारखे फिरते तिथे थांबायचे. फेरे वाढलेले असतील तर आयडलचा स्क्रू सैल करून ते पुन्हा खाली आणायचे. असे दोन-तीनदा केले की दोन्ही स्क्रू एकमेकांशी जुळतात.

इथे दोन इशारे. मिक्स्चर स्क्रू आत घट्ट आवळायचा नाही. त्याच्या सुईसारख्या टोकावर कायमचा वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. आणि प्रत्येक कार्ब्युरेटर सारखा नसतो. सोलेक्स किंवा वेबर पद्धतीत हा स्क्रू आत गेला की मिश्रण सहसा पातळ होते. बऱ्याच मोटारसायकलींत तो हवेचा स्क्रू असतो, तिथे आत गेला की मिश्रण दाट होते. ब्रिटिश एसयू पद्धतीत तर स्क्रूऐवजी खालचा नट फिरवून जेटच वर-खाली करतात. मोटारसायकलवर शिकलेला हात मोटारीवर उलटा पडतो, तो यामुळे.

यावरून दुसरा वाद निघतो. आयडल कानाने लावावे की मीटरने? जुने उस्ताद कानावर विश्वास ठेवतात आणि नव्या पिढीला आकडा हवा असतो. दोघांकडेही अर्धे सत्य आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेते तेव्हा त्यात दर मिनिटाला १६०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. ते १,००० फेऱ्यांवर गेले तर सेकंदाला ३३. सत्तावीस आणि तेहेतीस यांतला फरक एकटा ऐकून सांगणे कोणत्याही कानाला अवघड आहे, आणि तो कान रोज दहा गाड्या ऐकून थकलेला असेल तर आणखीच. म्हणून किती, हे मीटरने सांगावे. पण एक सिलिंडर मिस मारत असेल तर तो खड्डा सेकंदाला सहा-सात वेळा येतो. सायलेन्सरच्या मागे हात धरून उभा राहिलेला अनुभवी माणूस तो तळहातावर ओळखतो. काटा त्या वेळी ८०० वर शांत उभा असू शकतो. म्हणून कसे, हे कानाने आणि हाताने सांगावे. मॅनिफोल्डच्या ओढीचा गेज मिळाला तर दोघांमधला दुवा सापडतो. निरोगी इंजिनात समुद्रसपाटीला तो आयडलवर पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. काटा थरथरला तर वाल्वकडे बोट दाखवतो, सतत खाली राहिला तर हवेच्या गळतीकडे किंवा ठिणगीच्या वेळेकडे.

कान आणि मीटर दोघांनाही जागेचे भान मात्र हवे. मुंबईत सुरेख लावलेली गाडी महाबळेश्वरला जाते. तिथली उंची १,३५० मीटरच्या घरात आणि हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी. जेट तोच, हवा विरळ, म्हणून मिश्रण दाट होते. आयडल थोडे उतरते, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. पुष्कळ जण तिथेच स्क्रू फिरवतात आणि पसरणीचा घाट उतरून वाईला पोचेपर्यंत गाडी पुन्हा बिघडलेली असते. मुक्काम चार दिवसांचा असेल तर स्क्रूला हात न लावणे हाच शहाणपणा. घर पाचगणीचे असेल, तर मात्र तिथल्या हवेला अनुसरूनच गाडी लावायला हवी.

आता सध्याच्या सर्वांत मोठ्या बदलाकडे येऊ. पंपावरचे पेट्रोल बदलले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर सर्रास मिळते. त्यातला काही भाग उसातून येतो आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांशी, म्हणजे लाखो शेतकऱ्यांच्या घराशी, त्याचे नाते आहे. तेलाची आयात कमी व्हावी आणि उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे, ही या धोरणाची दोन्ही उद्दिष्टे आम्हाला रास्त वाटतात. पण कार्ब्युरेटरच्या गाडीला त्याची किंमत कशी मोजावी लागते, तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी ते प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या जेटमधून तेवढेच इंधन आले तर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ पडते. नव्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरकडे असा सेन्सर नाही. त्याला सुधारणारा माणूसच असतो.

आणि इथेच अर्ध्या आट्याचा मोह सर्वांत धोक्याचा ठरतो. मिक्स्चर स्क्रू थोडा बाहेर काढला की नव्या पेट्रोलवर आयडल पुन्हा गोड होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या स्क्रूचे राज्य आयडलपुरतेच असते. खंबाटकीचा घाट पूर्ण रेसवर चढताना पेट्रोल मेन जेटमधून येते, आणि तो होता तेवढाच आहे. सिग्नलवर शांत वाटणारी गाडी चढावर पातळ मिश्रणाने तापत राहते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणी ओढते. पंपाचा पडदा, नळ्या, फ्लोटच्या सुईचे टोक, सगळे तपासायला हवे. तेव्हा ज्याला जुनी गाडी नियमित चालवायची आहे त्याने जाणत्या माणसाकडून एकदा मेन जेटचा आकार पाहून घ्यावा, रबराचे भाग इथेनॉल सोसणारे बसवावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत नि कार्ब्युरेटरात पेट्रोल साठवून ठेवू नये. हे सगळे आयडल लावण्याआधी.

मग हे करायचे कोणी? काही मालक म्हणतात, गाडी माझी, स्क्रूही मीच फिरवणार. काही मिस्त्री म्हणतात, मालकाने हात लावला की गाडी बिघडलीच म्हणून समजा. आम्हाला वाटते, मालकाने निदान आपल्या गाडीचे आकडे ओळखले पाहिजेत. पुस्तकातले आयडल, पॉइंटची फट, प्लगची फट, टॅपेटची फट, आणि मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवल्यापासून तो किती आटे बाहेर आहे, ही पाच टिपणे ग्लोव्ह बॉक्समधल्या एका वहीत असावीत. स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या हातात आहे याला मग फारसे महत्त्व उरत नाही. फिरवण्याआधी आटे मोजले आणि लिहून ठेवले, तर चूक झाली तरी परतीचा रस्ता खुला राहतो. आणि निदानाला दोन तास लागले तर त्या दोन तासांचे पैसे मालकाने मोकळ्या हाताने द्यावेत. चांगला मिस्त्री टिकवण्याचा दुसरा मार्ग आम्हाला माहीत नाही.

एक प्रश्न मालक आणि मिस्त्री यांच्या पलीकडचा, सर्वांच्या श्वासाचा आहे. आयडलवरचे इंजिन ज्या हवेत धूर सोडते ती हवा सिग्नलला उभा पोलीस, फूल विकणारी मुलगी आणि शेजारच्या स्कूटरवर पुढे उभे केलेले पोर घेत असते. म्हणून पीयूसीची तपासणी पेट्रोलच्या गाडीत आयडलवरच होते, आणि ते बरोबर आहे. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. नीट लावलेला कार्ब्युरेटर या मर्यादेत बसतो. पण व्यवहारात काय घडते? तपासणीच्या सकाळी मिक्स्चर स्क्रू आत घ्यायचा, कागद मिळाला की संध्याकाळी पुन्हा बाहेर काढायचा. कागद स्वच्छ राहतो, हवा राहत नाही.

पीयूसी केंद्रातले यंत्र खरे तर जुन्या गाडीच्या मालकाला परवडणारे सर्वांत उत्तम निदानाचे साधन आहे. मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण दाट आहे. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे मिश्रण फार पातळ आहे किंवा ठिणगी चुकते आहे. दोन्ही जास्त असतील तर दाट मिश्रण आणि मिस मारणारा सिलिंडर एकत्र आहेत. कान आणि मीटर जे सांगू शकत नाहीत ते हे दोन आकडे सांगतात. म्हणून आमची सूचना आहे, की मालकाला हे आकडे हलताना पाहू द्यावेत आणि आपल्या मिस्त्रीकडून तिथेच, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये असताना, गाडी लावून घेऊ द्यावी.

याला एक सबळ हरकत आहे. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला की दोन्ही कामांत खोट येते. केंद्रवाला स्वतःच स्क्रू फिरवून प्रमाणपत्र देऊ लागेल. ही भीती खोटी नाही. रांगेचीही अडचण आहे. एका जुन्या गाडीसाठी दहा नव्या गाड्यांनी का थांबावे? आमचे उत्तर असे, की केंद्राने स्क्रूला हात लावूच नये, तो मालकाच्या मिस्त्रीनेच फिरवावा. लावण्यासाठीची वेळ आणि फी तपासणीपेक्षा वेगळी असावी. आणि अंतिम नोंद त्यानंतर स्वतंत्रपणे घ्यावी. सगळ्या केंद्रांनी हे करण्याची गरज नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी एका केंद्राने आठवड्यातली एक सकाळ यासाठी ठेवली तरी त्या भागातल्या जुन्या गाड्यांची आयडल खरोखर नीट होतील, आणि वर्षभर तशीच राहतील, कारण मग ती उलट फिरवण्याचे कारणच उरणार नाही.

आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात कार्ब्युरेटरचा धडा वेळ उरला तरच घ्यायचा, असे होऊ नये अशीही आमची इच्छा आहे. तो धडा जुन्या वस्तूच्या प्रेमापोटी नको आहे. मिश्रण दाट म्हणजे काय, पातळ म्हणजे काय, ठिणगीची वेळ पुढे-मागे झाली की आवाज कसा बदलतो, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या बोटांनी एकदा कळले, की नव्या गाडीच्या संगणकाने दाखवलेला बिघाडाचा कोडही त्याला अर्थासह वाचता येईल. नाहीतर कोड दाखवेल तो पार्ट बदलणे, एवढेच काम उरेल. आणि ते अर्धा आटा आवळून मोकळे होण्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

आता पुन्हा त्या सिग्नलला येऊ. गाडी बंद पडली आहे, मागे हॉर्न वाजत आहेत. त्या क्षणी रेसवर हलका पाय ठेवून घरी पोचणे योग्यच. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीसमोर उभे राहून मालकाने एवढेच म्हणावे: आधी पॉइंट, प्लग, टॅपेट बघा, कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाण्याचा फवारा मारून हवा कुठून शिरते ते पाहा, स्लो जेट फुंका, लागेल तो वेळ घ्या, त्याचे पैसे मी देतो, आणि आयडल सर्वांत शेवटी लावा. पुष्कळदा असे होईल, की एवढे सगळे झाल्यावर तो स्क्रू आवळण्याऐवजी थोडा सैलच करावा लागेल.